आधी बेल्ट, मग हात

कचक्याचं खरं नाव विचारलं तर त्याच्या बायकोलाही जरा डोकं खाजवावं लागायचं. नट असो, नळ असो, बरणीचं झाकण असो, त्याच्या हातात आलं की ते कचकचून आवळलं जायचं. घरातली साखरेची बरणी उघडायची तर बायको ती लोखंडी जिन्यानं खाली गॅरेजात आणायची, शिकंज्यात धरायची आणि मग फिरवायची. त्यात तोंडानंही दिवसभर कचकच. नाव दोन्ही बाजूंनी चपखल बसलं आणि तिथंच गंजून राहिलं.

हात असा जड व्हायला कारण होतं. बापाचा हात जड होता. बाप भट्टीवर कामाला. तिथली धग घरी घेऊन यायचा आणि कमरेचा पट्टा काढून पोरांवर निववायचा. तिथून सुटून कचक्या ज्या उस्तादाकडे काम शिकायला गेला, तो पट्ट्याला हात लावत नसे. तो पाने फेकायचा. मागितलेल्या मापाच्या जागी दुसरंच माप हातात दिलं की ते परत यायचं, पण हवेतून. एका रिंग पान्यानं कचक्याचा पुढचा दात नेला. पुढं पुढं पाना कुठल्या मापाचा आहे ते त्याला मागून येणाऱ्या सुंसुं आवाजावरनंच कळायला लागलं, आणि उस्ताद म्हणाला, "आता तू तयार झालास."

स्वतःचं गॅरेज झाल्यावर त्यानं उस्तादाची गादी नीट चालवली. मागची भिंत फेकलेल्या पान्यांनी देवीचे व्रण पडल्यासारखी झाली होती. हाताखाली माणूस टिकेना. एका गिऱ्हाईकानं घाई करायला हॉर्न वाजवला, तर कचक्यानं हॉर्नच उपटून त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "घरी जाऊन वाजव." तरी लोक यायचे. त्यानं बसवलेलं काही ढिलं होत नाही, ही ख्याती होती.

बायकोपुढं मात्र त्याची मात्रा चालली नाही. लग्नानंतर एकदाच त्यानं तिच्यावर हात उगारला. ती तेव्हा कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं कपडे सोडले आणि त्याला केली. भुवईवरचा तो तिकोनी डाग अजून चकाकायचा. तेव्हापासून त्यांचं भांडण तोंडानं आणि वस्तूंनी व्हायचं. कपबश्या फुटायच्या, माणसं शाबूत राहायची. आणि कुणीच टिकत नाही म्हटल्यावर गॅरेजातही तीच त्याच्या हाताखाली आली. उजेडाला बॅटरी धरायची, पाना द्यायची, गाडीत बसून किल्ली फिरवायची. तिच्या अंगावर पाना फेकायची हिंमत त्याला झाली नाही, म्हणून तिला पानेही बरोबर ओळखता यायला लागले.

तिचा एक धाकटा भाऊ होता. तरुणपणी कुस्त्या मारलेल्या, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. कान चुरगळलेले, मान जवळजवळ नाहीच. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. भाड्याची गाडी चालवायचा. आई त्याच्याकडे राहायची. ती गाडी दुरुस्तीला अर्थातच कचक्याकडे, कारण दाजी असताना दुसरीकडे कुठं जाणार?

मागच्या खेपेला त्या गाडीचा टायमिंग बेल्ट जुना झाला म्हणून कचक्यानं नवा घातला. त्या दिवशी सकाळीच नवराबायकोची जुंपली होती. कशावरनं, ते नंतर दोघांनाही सांगता आलं नसतं. पण राग तर कुठंतरी काढायला हवा. त्यानं तो टेन्शनरवर काढला. टेन्शनर म्हणजे बेल्टला बगलेतून दाबून धरणारी छोटी पुली. ती बेताची दाबायची असते. बेल्ट बोटांत धरून पिळला तर थोडा वळला पाहिजे. कचक्यानं तो इतका ताणला की बोटांना दाद देईना. गाडी त्या दिवसापासून बारीक शिट्टी घालायला लागली. पैलवान तक्रार घेऊन आला, तर हा म्हणाला, "गाते ती. तुझ्या बहिणीपेक्षा बरी गाते. ऐक आणि गप पड."

पैलवानानं ऐकलं. आणि एके दिवशी आईला घेऊन उतारावरनं खाली येत असताना गाणं थांबलं.

बेल्ट तुटला, इंजिन बंद पडलं. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग दगडासारखं आणि ब्रेक लाकडासारखा. पैलवान सगळ्या अंगानं ब्रेकवर उभा राहिला तरी वळणावरच्या भिंतीनं गाडीला जवळ घेतलंच. बंपर आत गेला, एक दिवा फुटला, आणि म्हातारीनं डोकं वाचवायला हात पुढं केला तो कोपराखाली काडकन मोडला.

आईला दवाखान्यात सोडून पैलवान दुसऱ्या दिवशी सकाळी दोरानं ओढत गाडी घेऊन आला. कचक्या बाकावर बसून चहा पीत होता. पैलवानानं काही न बोलता कपाला लाथ घातली. चहा कचक्याच्या छातीवर आणि कप भिंतीवर. मग त्यानं कॉलर धरून त्याला उचललं आणि गाडीच्या बॉनेटवर पाठीवर आपटलं. पत्रा आत गेला.

"दाजी," पैलवान म्हणाला. एवढ्या रागातही दाजी. पण पुढचं सगळं अरेतुरेत. "आईचा हात मोडलास तू."

"सोड रे, श्वास... बेल्ट खराब निघाला असंल," कचक्या घुसमटत म्हणाला आणि त्याच वेळी त्यानं गुडघा वर घातला. तो जिथं लागायचा तिथं लागला. पैलवान वाकला, पण कॉलर सोडली नाही, आणि वाकता वाकता त्यानं कपाळ कचक्याच्या नाकावर हाणलं. नाकातनं रक्ताची धार लागली.

बायको जिन्यावरनं धावत आली. तिच्या हातात बादली होती. तिनं दोघांवर पाणी ओतलं, कुत्र्यांवर ओततात तसं.

"आधी आईचं सांग," ती भावाला म्हणाली.

"प्लास्टर घातलंय. शुद्धीवर आहे. शिव्या देतीय." पैलवानानं जॅकचा लोखंडी दांडा उचलला. "ताई, तू मधे येऊ नकोस. हाताला हात. ज्या हातानं बेल्ट बसवला तो हात मी मोडणार."

"मोड की," कचक्या नाक धरून म्हणाला. "मोड! मग गाडी कोण दुरुस्त करणार, तुझा बाप?"

हे मात्र पैलवानाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याचं पोट त्या गाडीवर होतं. दांडा तसाच वर धरून तो विचार करत राहिला. विचार करताना त्याचे कान हलायचे.

"बरं," शेवटी तो म्हणाला. "आधी बेल्ट, मग हात."

असा ठराव झाला. कचक्यानं नाकात कापडाचे बोळे कोंबले, बायको कोपऱ्यावरच्या दुकानातनं नवा बेल्ट आणि नवा टेन्शनर घेऊन आली, आणि काम सुरू झालं. पैलवान दांडा मांडीवर घेऊन उलट्या डब्यावर बसला.

दाजीनं उजवं चाक काढलं, आतलं कव्हर काढलं, इंजिनाखाली जॅकवर लाकडी ठोकळा लावून ते तोललं. प्रत्येक नट सोडवताना त्यालाच घाम फुटत होता, कारण आवळलेले त्यानंच होते. पान्याला पाइप लावून लोंबकळल्यावर एकेक नट किंचाळत सुटायचा.

"काय आवळलंय भडव्यानं," तो स्वतःशीच पुटपुटला.

"कुणी?" पैलवानानं विचारलं.

कचक्यानं पुढच्या नटाला पाना लावला.

कव्हर निघालं. आत बेल्टच्या चिंध्या लोंबत होत्या, पावसापाण्यात कुजलेल्या चपलेच्या बंदासारख्या. त्यानं टेन्शनर काढून हातावर घेतला. तो फिरेना. आतलं बेअरिंग जळून निळं पडलेलं, वंगणाची राख झालेली. बेल्ट खराब नव्हता. ताणानं बेअरिंग जळलं, बेअरिंग अडकलं, आणि त्यानं बेल्ट कापला. बायको बॅटरी धरून शेजारीच होती. तिनं टेन्शनरकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तो खिशात टाकता आला असता. पैलवानाला त्यातलं काही कळलं नसतं.

कचक्यानं तो पैलवानाच्या पायांपुढं फेकला. "माझ्याच हातनं झालंय. जास्त ताणला."

"म्हणूनच हात," पैलवान म्हणाला आणि मांडीवरचा दांडा जरा सरळ केला.

आता खरं काम. इंजिनात पिस्टन खालून वर येतो आणि व्हॉल्व्ह वरून खाली उतरतो. दोघांची जागा एकच. एका अरुंद दारातनं ये-जा करणाऱ्या दोन भांडखोर जावांसारखं आहे ते. एक आत असताना दुसरीनं बाहेर थांबायचं. कोण कधी जाणार हे बेल्ट ठरवतो. बेल्ट तुटला की दोघी एकदमच दारात. व्हॉल्व्ह वाकतात, आणि मग इंजिनाचं डोकंच, म्हणजे सगळं हेड, उतरवावं लागतं. गाडी उतारावर हळू चालली होती, एवढीच आशा.

खालच्या पुलीवर एक खूण असते, वरच्या पुलीवर एक. दोन्ही आपापल्या जागी आणून मग बेल्ट चढवायचा. पण वरची पुली तशीच फिरवली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार. म्हणून त्यानं आधी खालची पाव फेरा मागं घेतली, म्हणजे सगळे पिस्टन मधे लटकले. मग वरची खुणेवर आणली. मग खालची हलकेच पुढं आणली. हे करताना कचक्याचा तो जड हात असा काही चालत होता की जणू झोपलेल्या पोराचा लंगोट बदलतोय. बायको बघत राहिली. तो हात इतक्या वर्षांत तिच्याशीही असा कधी वागला नव्हता, आणि हे मनात आल्यावर तिला रागच आला.

"उजेड इकडं धर!" तो ओरडला.

"डोळे फुटले का? तिकडंच धरलाय."

बेल्ट चढला. नवा टेन्शनर बसला. आता सगळे प्लग काढून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून बघायचं होतं. चाकाच्या कोनाड्यात शिरून लांब पान्यानं ते फिरवायला अंगात जोर हवा, आणि कचक्याचं बोट प्लगच्या भोकावर पाहिजे होतं, हवा दाबते का बघायला.

"ए, डब्यावरच्या. ये, फिरव. सावकाश. फक्त पुढं. मागं नको."

पैलवानानं दांडा खाली ठेवला आणि पाना धरला. इंजिन फिरता फिरता कचक्याच्या अंगठ्याखालून हवा फस्सकन सुटली. एका भोकातून, दुसऱ्यातून, तिसऱ्यातून, चौथ्यातून. व्हॉल्व्ह शाबूत होते. त्यानं नकळत बायकोकडे बघून डोळा मारला. पण दुसरा फेरा संपता संपता इंजिन अडलं. बेल्ट एक दाता सरकला होता.

"थांब," कचक्या म्हणाला.

पैलवानाला अडलेलं ठाऊक नव्हतं. त्याच्या आयुष्यात जे अडलं ते जोर लावल्यावर हललं होतं. त्यानं पाय रोवले, खांदा लावला आणि दात खाल्ले.

"थांब म्हणतो ना!"

आणि कचक्याची उजव्या हाताची सणसणीत कानफटात पैलवानाच्या चुरगळलेल्या कानावर बसली. पाना खणकन फरशीवर पडला. बाहेरच्या गल्लीतली सायकलची घंटासुद्धा ऐकू आली.

"व्हॉल्व्ह वाकवत होतास, रेड्या!"

पैलवान उठून उभा राहिला. कान लाल झाला, मग जांभळा. मूठ वळली, सुटली, पुन्हा वळली. पण ठराव म्हणजे ठराव. अजून बेल्टच चालू होता. तो डब्यावर जाऊन बसला आणि दांडा उचलून मांडीवर घेतला.

कचक्यानं बेल्ट पुन्हा उतरवला, खुणा पुन्हा जुळवल्या, दाता न् दाता बोटानं चाचपून चढवला. टेन्शनर लावला. बोटांत धरून पिळला, ढिला केला, पुन्हा पिळला. या वेळी बायकोनं पाना फिरवला, तो म्हणेल तसा. दोन फेरे फिरले. खुणा समोरासमोर आल्या.

कव्हर, चाक, प्लग परत लागले. बायको गाडीत जाऊन बसली, पण तिनं किल्ली मुठीत ठेवली आणि खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

"ऐक रे. आधी तो दांडा टाक. नाहीतर मी किल्ली फिरवत नाही. बसा दोघं मग उद्यापर्यंत."

"ताई, ठरलंय."

"ठरवलं कुणी? हात मोडला आईचा. ती ठरवेल. गाडी सुरू झाली की सगळे दवाखान्यात जाऊ. आई म्हणाली मोड, तर मी स्वतः धरते त्याचा हात."

पैलवानाचे कान हलले. "आई म्हणेल ते," तो शेवटी नाराजीनं म्हणाला. दांडा टाकला नाही, पण खांद्यावर टेकवला आणि कचक्याशेजारी येऊन बॉनेटखाली डोकावला. आता गाडी सुरू होते की नाही, ही त्यालाही उत्सुकता होती.

कचक्यानं उजव्या हातानं बॉनेटची कड धरली, डावा बेल्टच्या कव्हरवर ठेवला, कान इंजिनाला लावला. आणि इतक्या वर्षांत बायकोला ज्या एका शब्दानं किल्ली फिरवून सेल्फ मारायला सांगत आला, तोच शब्द ओरडला.

"मार!"

इंजिन खोकलं आणि बसलं.

"मार! हात गळाले का? मार म्हणतो ना, मार की!"

पैलवानाचा कान अजून ठणकत होता. त्यानं मारलं.

दांडा मनगटावर पडला आणि त्याच क्षणी इंजिन सुरू झालं. हाड मोडल्याचा आवाज त्या आवाजात कुणालाच आला नाही, कचक्यालाही नाही. तो तोंड उघडं टाकून इंजिनाकडेच बघत होता. मग त्यानं आपल्या हाताकडे बघितलं. हात बॉनेटच्या कडेवरनं भलतीकडेच वळून लोंबत होता. मग तो किंचाळला.

बायको उतरली. काय झालं ते तिला बघताक्षणी कळलं. तिनं भावाच्या हातातनं दांडा हिसकला आणि त्याच्या पाठीत घातला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला पैलवान गुडघ्यावर आला.

"तेच म्हणाले मार!" तो हात डोक्यावर धरून ओरडत होता. "ताई, तूही ऐकलंस! मार, हात गळाले का, म्हणाले!"

"मला म्हणत होते रे, मुडद्या! मला! सेल्फ!"

पैलवान गाडी चालवणारा माणूस. सेल्फ मारतात हे त्याला ठाऊक नसेल का? पण खरंच चुकला की चुकायची वाटच बघत होता, हे त्यानं पुढं कधी सांगितलं नाही. त्याला स्वतःलाही ते ठाऊक असेल, असं वाटत नाही.

मग त्याच गाडीतनं तिघं दवाखान्यात गेले. पैलवान चालवत होता. मागं बायकोनं नवऱ्याचा हात एका फळीला चिंध्यांनी बांधून मांडीवर धरला होता. कचक्या प्रत्येक खड्ड्याला पैलवानाच्या सात पिढ्या बाहेर काढत होता. "दुसरा गिअर टाक, माकडा! इंजिन ओढतंय ना! ऐकू येत नाही?" एकदा त्यानं डाव्या हातानं पुढं वाकून त्याच्या मानगुटीत ठोसाही घातला. पैलवानानं तो घेतला आणि गिअर टाकला.

हाडाच्या डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला. मनगट बसेल, म्हणाला. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा पूर्ण मिटेल याची खात्री नाही.

"पाना धरता येईल?" कचक्यानं विचारलं.

"तीन बोटांनी जेवढा धरता येतो तेवढा."

कचक्यानं डाव्या हाताची तीनच बोटं मिटून बघितली. बायकोनं पदर तोंडात धरला. पैलवान भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ओलं प्लास्टर गळ्यात अडकवून ते म्हातारीच्या खाटेपाशी गेले. म्हातारी उशीला टेकून बसली होती. तिनं एकेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं: लेकाचा जांभळा कान, जावयाचं सुजलेलं नाक, गळ्यातला हात, लेकीच्या पदरावरचं रक्त.

"हे काय?"

"आई," पैलवान खाली मान घालून म्हणाला, "हाताला हात. तुझा मोडला म्हणून..."

"मी सांगितलं होतं?"

"नाही. तुला विचारायचंच ठरलं होतं."

"मग विचार आता."

पैलवान दुखरा कान चोळायला लागला.

"कुठला मोडलास त्यांचा?"

"उजवा."

म्हातारीनं पांघरूण बाजूला केलं. प्लास्टर डाव्या हाताला होतं. "बघ. आपल्या आईचा कुठला हात मोडला तेही बघितलं नाहीस, आणि निघाला हिशेब करायला. त्यांचा कामाचा हात घालवलास. माझ्या लेकीच्या घरातला. ये इकडं."

पैलवान वाकला. एवढा धिप्पाड माणूस, खाटेच्या दांडीपर्यंत वाकला. म्हातारीनं धड हात मागं नेला आणि दुखऱ्या कानावर अशी ठेवून दिली की शेजारच्या खाटेवरची बाई झोपेतून उठून बसली.

"उद्यापासून त्यांच्या हाताखाली राहायचं. ते फेकतील तो पाना झेलायचा. बोटं मिटेपर्यंत. नाही मिटली तर मरेपर्यंत."

"आणि गाडी, आई?"

"गाडी ताई चालवेल. तुझ्यापेक्षा बरी चालवते."

मग ती जावयाकडे वळली. "जावईबापू, तुम्हीही या."

"मी काय केलं आता?" कचक्या म्हणाला. पण म्हणताना त्यालाच कळलं की आपण काय केलं होतं.

"या म्हणते ना."

तो खाटेशी आला. बायकोनं त्याचा प्लास्टरचा हात धक्का लागू नये म्हणून बाजूला धरला. कचक्यानं दात आवळले, डोळे मिटले आणि गाल पुढं केला. म्हातारीनं त्याला मुळीच कमी दिली नाही.